खांबेटे काकांचं जॉब कार्ड

खांबेटे काका कुठलंही यंत्र दुरुस्त करण्याआधी त्याला चावतात, अशी आमच्या ब्लॉकमध्ये त्यांची ख्याती आहे. अगदी खरं सांगायचं तर ते यंत्राला चावत नाहीत. लाकडी मुठीचा एक लांबलचक स्क्रू ड्रायव्हर आहे त्यांच्याकडे. त्याचं टोक ते यंत्रावर टेकवतात, मूठ दातांत घट्ट धरतात आणि डोळे मिटून उभे राहतात. मिक्सर असो, फ्रिज असो, पद्धत तीच. एकदा आम्ही सगळे पुलाउ उबीन बेटावर सायकली चालवायला गेलो होतो. परतीच्या होडीचं इंजिन कण्हतंय म्हणून काकांनी तिथेही दात लावले. होडीवाला आधी घाबरला, मग निमूटपणे काका दाखवतील तो बोल्ट आवळायला लागला.

काका बहात्तर वर्षांचे. आंग मो किओ वस्तीतल्या आमच्याच ब्लॉकमध्ये, आमच्या दोन मजले खाली एकटेच राहतात. काकू जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा कॅनडात. इथल्याच सेम्बावांगच्या गोदीत तीस वर्षं जहाजांची इंजिनं दुरुस्त केली आणि तिथली एक सवय घरी घेऊन आले. तोंडी तक्रार ते ऐकूनच घेत नाहीत. त्यांच्या दारावर एक क्लिप आहे, तिला कोऱ्या जॉब कार्डांचा गठ्ठा. तक्रार काय, कधीपासून, आवाज कसा, आणि आवाज सुरू होण्याआधी घरात नवीन काय आलं. सगळं भरून द्यायचं. फोन केलेला चालत नाही.

"लेखी दे, लेखी! गोदीत जॉब कार्डाशिवाय कॅप्टनच्या तीर्थरूपांचंही काम व्हायचं नाही!" हे ते एवढ्या मोठ्यानं सांगतात की लिफ्टपाशी उभी असलेली माणसं वळून बघतात.

आणि एकदा बोलायला लागले की समोरच्याला तोंड उघडायची सोय नाही. जहाजं, वादळं, फिलिपिनो फोरमन, सगळं एका दमात. माझा नवरा समीर म्हणतो, "काकांशी गप्पा नसतात, काकांचं प्रक्षेपण असतं." मीही त्यांची नक्कल करून लोकांना हसवायची. तरी मला काकांचं फार कौतुक. ऑफिसात कुणी प्लंबरच्या नावानं बोटं मोडायला लागलं की मी मान ताठ करून सांगायची, आमच्याकडे खांबेटे काका आहेत.

मग ब्लॉकमधल्या देशपांड्यांच्या वॉशिंग मशीननं घात केला. गेल्या दिवाळीत काका ते बघायला गेले. देशपांडे पडले आळशी, जॉब कार्ड न भरता नुसतंच तोंडानं म्हणाले, शिट्टी वाजते. काकांनी दात लावले आणि निकाल दिला, "मशीन ठणठणीत आहे." तिसऱ्या दिवशी मशीन कायमचं बसलं. झालं! बातमी सगळ्या मराठी मंडळींत पसरली. काकांच्या दारावरच्या गठ्ठ्यातलं एकही कार्ड कमी होईना. जाता-येता मी बघायची आणि चिडायची. तीस वर्षं जहाजं चालती ठेवली या माणसानं, आणि एका धुलाईयंत्रावरून मोडीत?

अशात आमच्या गीझरनं तोंड उघडलं.

तो बाथरूमच्या फॉल्स सीलिंगच्या वर आडवा झोपलेला असतो. एक दिवस वरून "धाड्! धाड्-धाड्!" असा आवाज आला, आणि मग रोजच यायला लागला. सोलापूरहून आलेल्या माझ्या सासूबाई तर अंघोळ करून अशा बाहेर यायच्या, जणू आघाडीवरून परतल्या. प्लंबर म्हणाला, टाकी गेली, अख्खा गीझर बदला. समीर तीन रात्री इंटरनेटवर घालवून म्हणाला, आत क्षार साठलाय, रॉड बदलला की झालं. वरची शेजारीण म्हणाली, "गीझर कशाला ठेवता? आमच्यासारखा इन्स्टंट हीटर लावा." मला तिघांचंही पटत होतं, हीच पंचाईत.

शेवटी समीरनं प्लंबरला शनिवारी दुपारी नवीन गीझर घेऊन यायला सांगितलं.

"आधी काकांना बघू दे," मी म्हणाले.

"आणि चुकले तर?"

"तर पुन्हा नाही बोलावणार."

बोलून बसले आणि मग लक्षात आलं. आम्ही नाही बोलावलं, तर त्या माणसाला बोलावणारं या ब्लॉकमध्ये दुसरं कुणी उरलं नव्हतं.

मी खाली जाऊन कार्ड घेतलं आणि तिथेच भिंतीला टेकवून भरलं. तक्रार, गीझर. कधीपासून, दोन महिने. आवाज कसा, धाड्. आवाज सुरू होण्याआधी घरात नवीन काय आलं? मी प्रामाणिक बाई आहे. लिहिलं, "सासूबाई."

शनिवारी सकाळी काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. जॉब कार्ड वाचलं आणि गडगडाटी हसले. "यांच्याशिवाय काय आलं?" म्हणत त्यांनी कार्ड माझ्यापुढे धरलं. नेमक्या आई, म्हणजे सासूबाईच, मागे उभ्या. त्यांनीही वाचलं. मला वाटलं, आता धरणी दुभंगेल तर बरं. पण आई शांतपणे म्हणाल्या, "नळ आला. माझ्यासाठी."

खरंच की! आईंना शॉवर म्हणजे अंगावर पाणी शिंपडणं वाटतं. त्यांना बादली भरून, तांब्यानं अंघोळ हवी. म्हणून समीरनं त्या येण्याच्या आदल्या दिवशी खाली एक दांडीचा नळ बसवून घेतला होता. तिघांच्या सल्ल्यांत त्या नळाचं नावही नव्हतं.

काकांनी नळ बघितला, गीझरचं बटण बंद केलं, स्टुलावर चढले, सीलिंगची झडप उघडून डोकं आत घातलं आणि टाकीला दात लावले. आई खाली बादलीपाशी. मी विचारलं, "काका, नळ सोडू का?" उत्तर नाही. "काका!" नाहीच. मी तिसऱ्यांदा ओरडणार, तेवढ्यात आईंनी हात वर करून स्टुलावर दोनदा टकटक केलं.

"हां, सोडा!" वरून आवाज आला.

बादली भरल्यावर आईंनी त्यांच्या सवयीनं दांडीवर एक चापट मारून नळ बंद केला. धाड्! काकांनी स्क्रू ड्रायव्हर टाकीवरून पाइपवर सरकवला. "पुन्हा!" टकटक, नळ, चापट, धाड्.

काका खाली उतरले तेव्हा चेहरा असा उजळलेला की विचारू नका. "टाकी निर्दोष आहे! पाणी एकदम अडतं, तो दणका पाइपला बसतो. पाइपची पकड सुटलीय, तो जाऊन टाकीवर आपटतो." मग त्यांनी पकड आवळली, मध्ये जुन्या स्लिपरचा रबरी तुकडा बसवला आणि आईंना सांगितलं, "वहिनी, नळाला चापट मारू नका. हळू बंद करा." पुन्हा दहा वेळा नळ सोडून बघितला. आवाज गेला! समीरनं मुकाट्यानं प्लंबरला फोन करून नको म्हणून कळवलं. मला इतका अभिमान वाटला की मी त्याच्यासमोर दोनदा उगाचच गाणं गुणगुणत गेले.

काका हात धुवायला गेले तेव्हा मी आईंना विचारलं, "टकटक कशाला केलंत?"

"अगं, त्यांना ऐकू येत नाही," आई म्हणाल्या. "आमचे हे गिरणीत होते. मागांच्या खडखडाटात पन्नाशीतच कान गेले. तेही असेच, दुसऱ्याला बोलू द्यायचे नाहीत. मला तर हे लिफ्टपाशी भेटले त्या पहिल्या दिवशीच कळलं."

मला एकेक आठवायला लागलं. लेखी दे, फोन नको, ते एका दमात बोलणं, ती न ऐकलेली शिट्टी. दातांतून हाडांत उतरेल तेवढाच आवाज त्यांच्यापाशी पोचत होता. आणि मी सात वर्षं त्यांची नक्कल करून लोकांना हसवत होते. लाज वाटली मला. आणि तेवढ्याशा आधारावर हा माणूस तिघांना खोटं ठरवून गेला, याचा अभिमान आणखीच वाढला.

चहा होईपर्यंत आईंनी सोलापूरहून सामानातून आणलेली पेटी बाहेर काढली. भजनी मंडळात वाजवतात त्या. मग काकांच्या खिशातलं एक कोरं कार्ड मागून घेतलं, भरलं आणि त्यांच्या हातात दिलं. मी डोकावून वाचलं. तक्रार, पेटी. आवाज कसा, तुम्हीच सांगा. घरात नवीन काय आलं, मी.

काकांनी ते दोनदा वाचलं.  मग त्यांनी स्क्रू ड्रायव्हर पुसला, टोक पेटीच्या लाकडावर टेकवलं आणि मूठ दातांत धरून डोळे मिटले. आईंनी सूर धरला. एक अभंग झाला, दुसरा झाला. काकांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांनी हात हलवला नाही. चहा गार झाला.

"तुझी काकू गेल्यापासून गाणं नव्हतं ऐकलं," ते म्हणाले. एवढ्या हळू बोलता येतं त्यांना, हे मला ठाऊक नव्हतं.

मग नेहमीच्या शिस्तीत त्यांनी पेन काढलं आणि कार्डाच्या तळाशी शेरा लिहून सही केली.

"काम अपूर्ण. दर शनिवारी तपासणी."