अंबूकाकूंचं इंजिन

अंबूकाकू कोथिंबीर आणायला मोटार काढत.

यात एवढं काय, असं तुम्हाला वाटेल, म्हणून भूगोल सांगतो. काकूंचं घर ठाण्यात, चरईत. भाजीबाजार जांभळी नाक्यावर. पायी गेलं तर तोंडातलं पान संपायच्या आत पोचावं इतका जवळ. मोटार मात्र बाजाराच्याही पलीकडे, एका टांगेवाल्याच्या तबेल्यात उभी असे, कारण काकूंच्या फाटकातून ती आत येत नसे. म्हणजे काकू घरून निघत, चालत बाजार ओलांडत, तबेला गाठत, मोटार काढत, शेजारच्या तळ्याला अख्खा वळसा घालत आणि मग बाजारात येऊन भाजीवालीसमोर भोंगा वाजवत. एकदा भाजीवाली म्हणाली, "अगं बाय, आताच तर हितनं गेलीस. तवाच नाय का घ्यायची?"

"तेव्हा मी पायी होते," काकू म्हणाल्या.

तळ्याला वळसा घालण्याचं कारण वेगळं. मोटारीला मागं जायचा गिअर होता, पण काकूंना तो मान्य नव्हता.

ठाण्यात तेव्हा मोटारी मोजक्या. त्याही डॉक्टर-वकिलांच्या, काळ्या आणि पोक्त. ही एकटीच लाल, उघड्या टपाची, दोन माणसांची आणि दिसायला अगदी वाह्यात. एका कारखान्याचा गोरा साहेब स्वातंत्र्य मिळाल्यावर विलायतेला परत गेला, तेव्हा त्याच्या हाताखाली हेडक्लार्क असलेल्या आमच्या काकांनी ती विकत घेतली. आयुष्यात त्यांनी केलेला हा एवढाच अविचार. त्या मोटारीतून ते चार-सहा वेळा कोपरीपर्यंत जाऊन आले. काकूंना त्यांनी एकदाही शेजारी बसवलं नाही. घरंदाज बाईनं उघड्या मोटारीत बसू नये, असं त्यांचं मत. वर्षाच्या आत विषमज्वरानं काका गेले. मूलबाळ नव्हतंच.

मोटार विकून टाकावी म्हणून पुण्याहून दीर आले. काकूंनी त्यांना पोटभर जेवू घातलं आणि म्हणाल्या, "चला, स्टेशनवर सोडते." काकू मोटार शिकायला लागून तेव्हा आठवडासुद्धा झाला नव्हता. दीर स्टेशनवर सुखरूप पोचले, पण मोटारीतून उतरल्यावर बराच वेळ ते दिव्याच्या खांबाला धरून उभे होते. विकण्याचा विषय पुढे त्यांनी पत्रातही काढला नाही.

साहेबाचा मोटारीचा चष्माही काकूंना मोटारीबरोबरच मिळालेला. नेसूचं लुगडं, पदर घट्ट खोचलेला आणि डोळ्यांवर तो घुबडासारखा चष्मा. रस्त्यातली पोरं ओरडायची, कीर्तनकारबुवा मान फिरवायचे. काकूंचं दोघांनाही एकच उत्तर असे: "उगाच लाड नकोत." हे त्यांचं आवडतं वाक्य. माणसं, मांजरं, मोटार, देव, सगळ्यांना तेच लागू. गणपतीला एकवीस मोदकांच्या जागी अकरा ठेवून "उगाच लाड नकोत" म्हणताना मी त्यांना ऐकलं आहे.

मी त्यांच्या शेजारी राहत असे. तेव्हा मला कलेक्टर कचेरीत नुकतीच नोकरी लागलेली. रविवारी घरात सापडलो की काकू मला मोटारीत घालून नेत. त्यामुळे इंजिन गेलं तेव्हा मी तिथंच होतो.

आम्ही मुंब्र्याच्या देवीला निघालो होतो. कळव्यात इंजिनाच्या तेलाचा काटा खाली आला. मोटारीचं तेल तिथं कुठलं मिळायला? काकू किराणा दुकानात शिरल्या आणि शेंगदाण्याच्या तेलाची बाटली घेऊन बाहेर आल्या.

"काकू, हे खायचं तेल आहे!" मी म्हणालो.

"माणसाला चालतं ते इंजिनाला का नाही चालणार? उगाच लाड नकोत."

इंजिनाला ते आवडलं असावं. थोडा वेळ मोटार झकास पळाली. मागं भज्यांचा वास दरवळत होता आणि दोन कुत्री जिवाच्या आकांतानं आमच्यामागून धावत होती. मुंब्र्याच्या डोंगराखाली धाडकन आवाज झाला. उतरून बॉनेट उघडलं, तर इंजिनाच्या पोटाला भोक पडलं होतं आणि त्यातून एक सळई बाहेर येऊन आमच्याकडे बघत होती.

परत येताना मोटारीला बैल जुंपलेले. काकू चष्मा लावून चाकामागं बसल्या होत्या आणि खाडीच्या पुलावर बैलांना भोंगा वाजवून वाट दाखवत होत्या. बैलांनी मात्र शेवटपर्यंत सभ्यपणा सोडला नाही.

पास्कल मिस्त्रीला बोलावलं. हा ठाण्यातलाच. तळ्याजवळ त्याचं गॅरेज होतं. त्यानं भोकात बोट घातलं, बाहेर काढलं, वास घेतला आणि कपाळाला हात लावला.

"बाय, यात काय राह्यला नाय. यो गेला."

"गेलं तर गेलं. दुसरं बघ."

दुसरं इंजिन चढवायला वरून बळकट आधार हवा, आणि काकूंच्या अंगणातल्या आंब्याची फांदी त्याला नामी होती. मग फाटक उपटून मोटार अंगणात आणली, फांदीला कप्पी बांधली, मेलेलं इंजिन बाहेर काढलं. आणि नवं कुठलं घालावं यावर आमच्या आळीचा खल सुरू झाला.

यात पुढारी होते समोरचे बर्वे. सरकारी बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले, विधुर, आणि आवाज असा की आळीच्या दोन्ही टोकांना सारखाच ऐकू यावा. काकूंचं आणि त्यांचं कधीच पटलं नाही. बर्व्यांचं म्हणणं, मूळ जातीचं इंजिन विलायतेहूनच मागवावं. "वहिनी, ही स्पोर्ट्स मोटार आहे. तिची ऐट तिच्या इंजिनात आहे!"

"विलायतेहून यायला वर्ष लागेल," काकू म्हणाल्या. "तोवर तुम्ही असाल का, ते बघा आधी."

आळीतले बाकीचेही रोज संध्याकाळी ओसरीवर जमू लागले. ज्यांनी जन्मात सायकल दुरुस्त केली नव्हती, ते हॉर्सपॉवरवर बोलू लागले. वाद चढले की काकू आतून चहाची किटली आणून आपटत. "प्या आणि घरी जा एकदाचे. कामधंदे नाहीत मेल्यांना!" चहा पिऊन कुणी घरी जात नसे. दुसऱ्या दिवशी किटली मोठी आली.

पास्कलनं एकामागून एक इंजिनं सुचवली आणि काकूंनी एकामागून एक नाकारली. एक म्हणे फार काळं. एकाचा मालक लबाड दिसतो. एकदा तर "त्या इंजिनाची नजर बरी नाही" असंही म्हणाल्या. शेवटी पास्कल कंटाळला. "बाय, आता कल्याणला चल. दोन दावतो. त्यातला एक घे, नायतर मोटारीत कोंबड्या पाळ."

पास्कलच्या खटाऱ्यातून आम्ही कल्याणला गेलो. काकू, बर्वे आणि मी. काकूंच्या मांडीवर पाण्यानं भरलेला तांब्या होता. "कशाला?" असं बर्व्यांनी विचारलं. "परीक्षेला," काकू म्हणाल्या.

पहिलं इंजिन कल्याण कँपात. लष्कराच्या मोडीतला माल विकणारा टेकचंद म्हणून एक सिंधी व्यापारी तिथं होता. सगळं मागं टाकून इकडे आलेला, पण बोलायला मोठा दिलदार. त्याच्याकडे जीपचं इंजिन होतं, लाकडी घोडीवर चढवलेलं. "माँजी, ये इंजिन पहाड चढेगा, पहाड!" त्यानं ते चालू केलं. काकूंनी पुढं होऊन तांब्या इंजिनाच्या डोक्यावर ठेवला. तांब्या थरथरला, नाचला आणि उडी मारून थेट बर्व्यांच्या धोतरावर रिकामा झाला.

"घ्या, हेच घ्या!" बर्वे निथळत ओरडले. "ताकद बघा त्याची!"

"बॉनेट नाय लागणार," पास्कल म्हणाला. "आणि नाकावर वजन एवढा का मोटार वाकून चालंल."

"मला पहाड चढायचा नाही," काकू टेकचंदला म्हणाल्या. "पण तू माणूस चांगला आहेस. ठाण्याला आलास तर जेवायला ये." तो खरोखरच आला, पुढच्या महिन्यात, दोन भावांना घेऊन.

दुसरं इंजिन कल्याण गावात, एका डॉक्टरांकडे. त्यांची छोटी बंद टपाची मोटार वडावर आदळून चेपली होती, इंजिनाला मात्र ओरखडाही नव्हता. डॉक्टरांनी बटण दाबलं. इंजिन सुरू झालं ते इतकं हळू, की बर्व्यांनी "करा ना सुरू" म्हणून दोनदा सांगितलं. काकूंनी पुन्हा भरून घेतलेला तांब्या वर ठेवला. पाण्यावर नुसती बारीक वर्तुळं उठली.

"भिकार आहे," बर्वे म्हणाले. "स्पोर्ट्स मोटारीत हे? वाघाला शेळीचं काळीज? चढ आला की उतरून ढकलावं लागेल!"

"सेल्फ उत्तम आहे हो याचा," डॉक्टर काकूंना म्हणाले. "बटण दाबलं की चालू."

"हँडलनं होतं का?" काकूंनी विचारलं.

"होतं की. पण सेल्फ असताना हँडल फिरवायची गरज काय?"

"सहज विचारलं. हेच घेते."

परतीच्या वाटेवर बर्वे शिळफाट्यापर्यंत न थांबता शेळीवरच बोलत होते. हा एक विक्रमच होता.

पास्कलनं मधे लोखंडी पट्ट्या जोडून ते इंजिन बसवलं. मोटार चालू झाली. आता ती बैलगाडीला मागं टाकू शकत होती, टांग्याला नाही. आणि तिचा सेल्फ बिघडला होता. बटण कितीही दाबा, ढिम्म. काकू म्हणाल्या, "नशीब आमचं."

तेव्हापासून आमच्या आळीचा दिवस काकूंच्या भोंग्यानं सुरू होऊ लागला. मोटार आता अंगणातच असे. भोंगा वाजला की कुणीतरी जाऊन पुढचं हँडल फिरवायचं. काकू चाकामागून सूचना देत. "अंगठा आत नको, उलटं आलं तर मोडेल! जोर कुठं गेला? रात्री जेवला नाहीस का?" इंजिन एकदाचं सुरू झालं, की त्या ते बंद करत आणि म्हणत, "दमलास. चहा घे." मग ओसरीवर चहा, चहाबरोबर पोहे, पोह्यांबरोबर अख्ख्या आळीची निंदा. ती आटपली की पुन्हा हँडल. मी कित्येकदा कचेरीत उशिरा गेलेलो आहे, आणि सबब सांगायची पंचाईत, कारण साहेबाचा खऱ्यावर विश्वास बसत नसे.

बर्वे तर हटकून येत. शिव्या देत येत, शिव्या देत फिरवत. "सांगितलं होतं विलायती घ्या म्हणून! शेळी ती शेळी!"

थंडीत एका सकाळी हँडल फिरवताना बर्व्यांच्या कमरेत उसण भरली. दोघांनी उचलून त्यांना घरी नेऊन निजवलं. काकू त्या दिवशी मोटार घेऊन गेल्याच नाहीत. ऊन पाण्याची पिशवी आणि मुगाची खिचडी घेऊन समोरच्या घरी त्यांच्या खेपा चालल्या होत्या, आणि तोंडाचा पट्टाही. "वय काय, करता काय!"

मला वाटलं, आता पुरे झालं. कचेरी सुटल्यावर मी पास्कलच्या गॅरेजवर गेलो.

"तो सेल्फ एकदाचा दुरुस्त कर बाबा. काकूंना सांगू नकोस. मी बघतो काय ते."

पास्कल हात पुसत राहिला. "सेल्फला काय नाय झाला. चांगला हाय."

"मग चालत का नाही?"

"वायर सोडवलीय. बायनंच सोडवाया लावली, इंजिन बसवला त्याच दिवशी. मी म्हटला, बाय, कशाला? तर म्हणते, तुला काय करायचंय? आणि कुणाला सांगितलंस तर बघ."

मी तसाच बर्व्यांकडे गेलो. ते पालथे पडून कण्हत होते. आपली कंबर कुणाच्या लबाडीनं गेली हे ऐकून ते आळी डोक्यावर घेतील, असा माझा अंदाज. मी दार लोटून घेतलं आणि सगळं सांगितलं.

"हळू बोल," बर्वे म्हणाले. त्यांचा इतका खालचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "ठाऊक आहे मला."

"कधीपासून?"

"पहिल्या आठवड्यापासून. ती आत पोहे करत होती, मी बॉनेट उघडून पाहिलं. जन्मभर ओव्हरसियरकी केली, एक सुटलेली वायर दिसणार नाही मला?"

"मग तुम्ही इतके महिने..."

"मोटार बंद होती तेव्हा तिच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नसे. आठवतं? आणि त्याआधी किती जण जात होतो आपण तिच्याकडे? तू तरी जात होतास? ती ओढून न्यायची तेव्हा." त्यांनी कूस बदलायचा प्रयत्न केला आणि कळ आली तशी सोडून दिला. "उद्या भोंगा वाजला की तू जा. आणि हे बघ, पहिल्या फेऱ्यात चालू करू नकोस. तिला आवडत नाही. जरा दमल्यासारखं दाखवायचं."

दुसऱ्या दिवशी भोंग्याची वाट न बघताच मी गेलो. काकू नुकत्याच चष्मा लावून चाकामागं बसत होत्या. मला बघून क्षणभर थांबल्या. मी हँडल घातलं आणि हात सैल ठेवून एक फेरा दिला. इंजिन नुसतं उसासलं.

"मेल्या, जीव नाही का अंगात?" काकू चाकामागून ओरडल्या.

दुसरा फेरा मी पहिल्याहून वाईट दिला आणि कमरेवर हात ठेवून धापा टाकू लागलो. काकूंनी डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर सरकवला, माझ्याकडे निरखून पाहिलं आणि लगबगीनं मोटारीतून उतरल्या.

"राहू दे ते आता," त्या म्हणाल्या. "आधी चहा टाकते. बस ओसरीवर."