मागचा नवरदेव

सेनगावात रशीदचाचांकडे लग्नाचा कोट शिवायला टाकला, की तो आणायला एकट्यानं जाऊन चालत नसे. सोबत मागचा नवरदेव लागे. म्हणजे चाचांकडून याआधी ज्यानं लग्नाचा कोट नेला, तो. त्यानं आपल्या हातानं नव्या नवरदेवाला कोट घालायचा, मगच चाचा तो दुकानाबाहेर जाऊ देणार.

या वेडाचं मूळ मीच. शाळा सुटली की मी त्यांच्या दुकानात इंग्रजी पेपर वाचत बसायचो. एकदा अमेरिकेतल्या गोल्फच्या मोठ्या स्पर्धेची बातमी होती. जिंकणाऱ्याला हिरवा कोट मिळतो आणि तो गेल्या वर्षीचा विजेता त्याला घालतो, असं मी वाचून दाखवलं. शिलाई मशीन थांबलं.

"गोल्फ म्हंजे काय, मास्तर?"

"काठीनं चेंडू मारून लांबच्या भोकात घालायचा."

"ऱ्हाऊ द्या ते. कोटाचं वाचा."

खेळाडूंची नावं त्यांनी कधीच लक्षात ठेवली नाहीत. सहा वेळा जिंकलेला तो 'सहावाला', चार वेळा जिंकलेले ते 'चारवाले'. सहावाला पहिल्यांदा तेविसाव्या वर्षी जिंकला, शेवटचा शेहेचाळिसाव्या. चाचांना त्याची फार काळजी. "दर बारीला नवा कोट देत न्हाईत म्हंता. मग कंबर वाढली असंल त्याची, का न्हाई? हे काहून छापत न्हाईत पेपरवाले?"

हाच सहावाला एकदा लागोपाठ दोन वर्षं जिंकला. आता मागचा विजेता तोच, म्हणून त्यानं आपला आपणच कोट घातला. हे ऐकून चाचांनी कात्री खाली ठेवली.

"काहून? कोणीच नव्हतं का तिथं त्याला?"

त्याच आठवड्यात दुकानात तो नियम सुरू झाला. बांधावरून वर्षानुवर्षं अबोला असलेल्या दोन घरांतले नवरदेव एकदा पाठोपाठ आले. एक म्हणाला, "मी त्याच्या अंगाला हात लावणार न्हाई." चाचा म्हणाले, "अंगाला नको लावू. कोटाला लाव." त्यानं कॉलर अशी ओढली की दुसऱ्याचा घसा आवळला. तरी चहा दोघांनी तिथंच घेतला, एकमेकांकडे पाठ करून.

चाचा आता नाहीत. ते गेल्यापासून मी इंग्रजी पेपर बंद केला आहे.

ते होते तेव्हाच रेडिमेड कोट आले आणि चाचांकडचा शेवटचा नवरदेव मीच ठरलो. मग एक दिवस त्यांनी निरोप धाडला: अस्लमचं लग्न ठरलंय, तुमी पाहिजेत. अस्लम त्यांचा एकुलता मुलगा, नांदेडला कापडाच्या दुकानात नोकरीला. त्याच्यासाठी चाचांनी काळा कोट शिवून ठेवला होता. इस्त्री करून, कपाटात. तो अस्लमला घालायला मी जाऊन बसलो.

अस्लम आला तो हातात मोठी पिशवी घेऊन. "अब्बा, सेठनं कोट दिला लग्नाचा. बघा तरी. मला मात्र हिंगोलीची जीप गाठायची हाय."

मी कपाटाकडे बघून तोंड उघडलं.

"मास्तर, चहा सांगा जरा," चाचा घाईनं म्हणाले.

मी समोरच्या टपरीवर चहा सांगून आलो. चाचांनी सेठचा कोट मांडीवर पसरला होता. शिवण पाहिली, अस्तर पाहिलं. "चांगला हाय," ते म्हणाले. "बटनं तेवढी ढिली हायत. पक्की करून देतो."

बाहेर जीपवाला हॉर्न देऊन राहिला होता. चाचांनी एकेक बटण काढून हातानं लावायला घेतलं. अस्लम दोनदा दारापर्यंत गेला, मग स्टुलावर बसला, चप्पल काढली. बोलता बोलता नांदेडच्या खोलीचं सांगू लागला, पाण्याचं, सासऱ्याचं, होणाऱ्या बायकोचं. चाचा मान खाली घालून "अच्छा, अच्छा" म्हणत होते.

जीप गेली. सगळी बटणं लावून झाली होती. चाचांनी सुईत नवा दोरा ओवला आणि एक पक्कं बटण पुन्हा उसवलं.

"हं, सांग," ते म्हणाले. "मंग काय म्हणाला सासरा?"