हिंटरलानच्या इग्लूचा जीर्णोद्धार

कोणत्याही वास्तूचा जीर्णोद्धार करायचा म्हटलं की पहिला प्रश्न एकच असतो: वास्तू कुठे संपते आणि आपत्ती कुठे सुरू होते? चर्चला आग लागली तर दगड कुठला आणि राख कुठली, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. पण बर्फाच्या घरावर बर्फ पडला तर? भल्याभल्या स्थापत्यतज्ज्ञांनी या प्रश्नाकडे पाठ फिरवली आहे. आमच्या हिंटरलान गावाने ती फिरवली नाही. आम्ही समिती नेमली.

मी या समितीचा चिटणीस. एकतीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यामुळे अक्षर वळणदार आहे आणि कोणाचं ऐकून घ्यायची सवय नाही. दोन्ही गुण या पदाला आवश्यक आहेत. आमच्या टिरोल या डोंगराळ प्रांतात तीन माणसं वर भेटली की मंडळ स्थापन होतं आणि चौथा आला की पोटसमिती. आमचं हिम-विरंगुळा मंडळ गेली अकरा वर्षं, चेअरलिफ्ट जिथे संपते तिथे, एकोणीसशे मीटरवर, स्कीवाल्यांसाठी इग्लू उभारतं. भलामोठा फुगा फुगवायचा, त्यावर यंत्राने बर्फ फवारायचा, बर्फ धरला की फुग्यातली हवा सोडायची. आत बर्फाचं काउंटर, बर्फाची बाकं, बाकांवर मेंढीची कातडी आणि हातात गरम वाइन. शेजारीच शेगडी पेटवलेलं लाकडी उपाहारगृह आहे. तिथे जागा असते. पण मरणाच्या थंडीतून आलेल्या माणसाला बर्फावर बसवून त्याला समाधानाने हसायला लावणं, हेच तर पर्यटनाचं शास्त्र आहे.

अडचण अशी की अलीकडे बर्फ पडेना. मार्चचा चिखल जानेवारीतच दिसायला लागला. म्हणून नोव्हेंबरात मंडळाने पाद्रीबाबांकरवी रीतसर प्रार्थना करवली. मसुदा माझाच होता: 'पुरेसा बर्फ पडावा.' कमाल मर्यादा घालायची राहून गेली, ही चूक मी मान्य करतो. जानेवारीच्या तिसऱ्या सोमवारी अर्ज मंजूर झाला. सोमवार दुपार ते बुधवार दुपार, दोन मीटर सत्तर सेंटिमीटर. इग्लू दिसेनासा झाला. (आत वेंडेलिन होता.)

वेंडेलिन इग्लूचा राखणदार. काउंटरवर तोच उभा असतो. सोमवारी बर्फ सुरू झाला तेव्हा सगळे शेवटच्या चेअरलिफ्टने खाली आले आणि हा मागे थांबला, कारण छतातून वर गेलेला हवेचा पाइप बुजला असता. बर्फ चढत गेला तसा तो आतून पाइपाला तुकडे जोडत गेला. बुधवारी डोंगरावर कुठे काही दिसत नव्हतं, फक्त वीतभर पाइप वर होता. खाली त्याच्याजवळ चौदा किलो चीज, राय धान्याचे आठ काळे पाव आणि गरम वाइनचे दोन पिंप होते. (सबब उपासमारीचा प्रश्न उद्भवत नाही, असं समितीचं एकमत झालं.) प्रश्न छताचा होता. वरून भार आला की इग्लूचं छत कोसळत नाही, हळूहळू बसतं. बुधवारी वेंडेलिन आत ताठ उभा राहू शकत होता. टोपी मात्र छताला घासायला लागली होती, असं त्याने पाइपातून कळवलं. (मोजमाप प्रमाणित उपकरणाने न केल्यामुळे ग्राह्य धरता आलं नाही.)

बुधवारी चार वाजता सभा भरली, ती अध्यक्ष एंगेलबर्ट प्रांट्ल यांच्या हॉटेलात. हे हॉटेल नऊशे ऐंशी मीटरवर आहे, आणि हे महत्त्वाचं आहे. आमच्याकडे रीत अशी की हजार मीटरच्या वर सगळे एकमेकांना अरेतुरे करतात; डोंगराला पदं कळत नाहीत. हजाराच्या खाली उतरलं की पुन्हा साहेब ते साहेब. त्यामुळे अध्यक्ष कोणतीही अवघड सभा वीस मीटर खाली घेतात.

कार्यक्रमपत्रिकेत नऊ विषय होते. पहिला: दिवंगत सभासदांना श्रद्धांजली. (या वर्षी अद्याप कोणी नव्हतं, तरी प्रथा म्हणून उभे राहिलो.) दुसरा: मागील इतिवृत्त. तिसरा: शनिवारी येणाऱ्या एकशे दहा डच पाहुण्यांसाठी बँड. चौथा: बर्फाचे वर्गीकरण. पाचवा: अनधिकृत वरचा मजला. असं करत करत नववा: अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. वेंडेलिन त्यात होता.

त्याची बायको नोटबुर्गा, म्हणजे आमची बुर्गी, दाराशी उभी होती. अंगावर बर्फ, हातात स्की. "प्रांट्लसाहेब, माझा नवरा आत आहे."

"बुर्गीबाई, समितीला तुमच्याबद्दल पूर्ण सहानुभूती आहे," अध्यक्ष म्हणाले. "विषय नववा आहे. आपण तिसऱ्यावर आहोत."

"मग मी जाते नि खणते."

"अजिबात नाही!" जिल्ह्याहून आलेले इंजिनियरसाहेब उठलेच. "वर्गीकरणाआधी एक फावडंही मारायचं नाही. छत खाली आलं तर जबाबदार कोण? आम्ही यंत्र पाठवतो. शब्द देतो."

बुर्गीने शब्दावर विश्वास ठेवला. डोंगरात लहानाची मोठी झालेली बाई, हिमकड्यावर विश्वास ठेवणार नाही, पण शिक्का असलेल्या माणसावर ठेवला. आमच्या संस्थेच्या पुण्याईचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

चौथ्या विषयाला दोन तास लागले आणि ते सत्कारणी लागले. समितीने बर्फाचे तीन वर्ग ठरवले. अ वर्ग: वास्तुबर्फ, म्हणजे इग्लूचा. ब वर्ग: यंत्राचा, पण वास्तूत न लागलेला. क वर्ग: आगंतुक, आकाशातून विनापरवाना आलेला. अ आणि ब मंडळाच्या मालकीचे. क मात्र कुरणावर पडलेला, आणि कुरण पंचायतीच्या सामायिक मालकीचं. पंचायतीचे म्हातारे एगिडी तंबाखूचा पाइप ओढत म्हणाले, "आमच्या कुरणावर पडलं ते आमचं. जूनमध्ये त्याचंच पाणी होतं नि गायी पितात. एक टोपलंभर हलवाल तर विचारून हलवा." तिन्ही वर्ग दिसायला पांढरे आहेत, हे एकाने लक्षात आणून दिलं. ते इतिवृत्तातून वगळण्यात आलं.

पाचवा विषय त्याहून खोल. इग्लूला परवाना तीन मीटर वीसचा. इंजिनियरसाहेबांनी कागदावर मोजून दाखवलं की सध्या वास्तू पाच मीटर नव्वद आहे, म्हणजे जवळजवळ एक मजला बेकायदा चढला आहे. तो पाडावा, असं मी सुचवलं. साहेब हसले. "मास्तर, जो मजला कागदावर नाही तो पाडणार कसा? आधी तो नियमित करून घ्या, मग पाडायचा अर्ज द्या." एवढा स्वच्छ विचार मी आयुष्यात कमी वेळा ऐकला आहे. मजला नियमित करायचा ठराव मांडला आणि तेव्हा कळलं की गणसंख्या पूर्ण नाही. सात जण लागतात, सहाच हजर होते. सातवा सभासद वेंडेलिन.

म्हणून गुरुवारी सकाळी मला वर पाठवण्यात आलं. बर्फ दाबायच्या यंत्रात बसून गेलो. (यंत्र वर जाऊ शकतं, हे त्यामुळे आपोआप सिद्ध झालं, पण तो विषय पत्रिकेत नव्हता.) वर लाल-पांढऱ्या पट्टीने जागा वेढलेली. पट्टीच्या आत बुर्गी पाइपाच्या तोंडाभोवतीचा बर्फ हाताने दूर करत होती. बाहेर बर्फात दोन फावडी रोवलेली.

"मास्तर, कागद कसला आणलास?" ती म्हणाली. एकोणीसशे मीटर, त्यामुळे अरेतुरे. "ते फावडं उचल की एक."

"मतपत्रिका आहे गं. त्याची सही हवी."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी चष्मा पुसायला घेतला. मग मी वाकून पाइपात तोंड घातलं. "वेंडेलिन! मास्तर बोलतोय!"

"मास्तर!" खालून आवाज आला, खोल विहिरीतून यावा तसा. "बरं झालं आलास. आता मी बसलोय. उभं राहता येत नाही. काल टोपी लागत होती, आज खांदे लागतात. कधी काढताय?"

"तो नववा विषय आहे. पाचव्याला तुझं मत हवंय."

खालून तो हसला. खरंच हसला. "पाचवा काय आहे?"

"तुझ्या डोक्यावरचा बर्फ नियमित करायचा."

"नि मग?"

"मग पाडायचा अर्ज."

"दे बाबा, पाठव कागद. सही केल्याने लवकर होत असेल तर दोन देतो."

कागद गुंडाळून दोरीने खाली सोडला. सही होऊन वर आला, वाइनचा डाग पडलेला. ठराव सात विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. आपल्याच डोक्यावरच्या बेकायदा मजल्याला मान्यता देणारा तो आमच्या मंडळाच्या इतिहासातला पहिला सभासद.

गुरुवारी दुपारच्या सभेत सातव्या विषयापर्यंत मजल गेली. सातवा होता: कामाचा क्रम. अध्यक्षांनी मांडलं की पाहुणे खालून येतात, त्यांना आधी घुमट दिसतो, तेव्हा जीर्णोद्धार घुमटापासून सुरू व्हावा. यंत्राने वर चढून वरचा मजला तासावा, गोलाई आणावी, झेंडा रोवावा. दार नंतर. आधी कळस, मग पाया. आमच्याकडे यालाच दर्शनी काम म्हणतात. नवव्या विषयाला वेळ उरला नाही. तो पुढील सभेत घ्यावा असं ठरलं.

शुक्रवारी सकाळी यंत्र वर आलं. मागून अध्यक्ष, इंजिनियर, म्हातारे एगिडी आणि वही घेऊन मी. बुर्गी पाइपाशी पालथी पडली होती. नऊ टन वजनाचं यंत्र घुमटाकडे वळलं तशी ती उठली आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"एंगेलबर्ट," ती म्हणाली. साहेब नाही, प्रांट्ल नाही. "हे थांबव."

"बुर्गी, बाजूला हो. ठराव झालाय."

"तो आता आडवा पडलाय. छत त्याच्या छातीपासून हातभर राहिलंय. तू वर यंत्र चढव, मी इथेच उभी आहे. आधी मला नियमित कर, मग पाड."

यंत्र थांबलं. तिने पट्टी तोडली, फावडं उपसलं आणि उताराच्या बाजूने, जिथे दार असायला हवं तिथे, खणायला लागली. अ, ब, क सगळे वर्ग एकाच ढिगात पडत होते. इंजिनियरसाहेब ओरडले की वर्गीकरण नष्ट होतंय. म्हाताऱ्या एगिडींनी तोंडातला पाइप काढला नि म्हणाले, "पंचायतीचा सगळा हिस्सा मी तिला बक्षीस दिला. गप्प बसा आता." पण हलले तेही नाहीत, वय एक्याऐंशी.

ती तीन तास दहा मिनिटं खणत होती. हे मी नक्की सांगू शकतो, कारण मी वेळ नोंदवत होतो. साधनसामग्रीच्या यादीत माझ्याच वळणदार अक्षरात लिहिलं आहे: 'फावडी: दोन. वापरात: एक.' दुसरं माझ्यापासून चार पावलांवर होतं. मला लाज वाटली. ती कुठल्या विषयाखाली नोंदवायची हे सुचेना, म्हणून इथे लिहितो आहे.

सव्वाबाराच्या सुमारास तिचा हात आत गेला आणि आतून दुसऱ्या हाताने तो धरला. वेंडेलिन सरपटत बाहेर आला. ओठ निळे, दाढीत बर्फ, डाव्या पायाची दोन बोटं पुढे कापावी लागली. बाहेर येऊन त्याने पहिलं वाक्य उच्चारलं ते असं: "पाइप बुजू दिला नाहीस गं." ती रडायला लागली. तोवर रडली नव्हती.

त्या क्षणी ढग सरकले आणि ऊन बोगद्यात शिरलं. तिने खणलेला बोगदा तिरका, अरुंद, आणि आतून असा निळा की अध्यक्ष गुडघ्यांवर बसून आत बघायला लागले. उठून ते म्हणाले, "हेच प्रवेशद्वार!"

आत छत तासून चार फुटांवर नेलं, लाकडी टेकू लावले आणि शनिवारी उद्घाटन झालं. बँड वाजला. एकशे दहा डच पाहुणे बुडावर बसून बोगद्यातून घसरत गेले आणि आत पालथे पडून गरम वाइन प्यायले. असा इग्लू त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. मंडळाने जीर्णोद्धार यशस्वी झाल्याचा ठराव केला. बुर्गीला नियमानुसार नोटीस गेली: एकोणीस घनमीटर अवर्गीकृत बर्फ विनापरवाना हलवल्याबद्दल. नववा विषय निकाली निघाल्यामुळे वगळण्यात आला. वेंडेलिन आता गावातल्या लाकडाच्या वखारीत बसतो. दाराजवळ बसतो आणि दार उघडं ठेवतो.

तो फोटो तुम्ही पाहिलाच असेल. सगळ्या जगाने पाहिला. निळा बोगदा, आत पेल्यांची रांग, टोकाला उन्हाचा तुकडा. मूळ फोटो मीच काढला होता, शुक्रवारी, पुरावा म्हणून. त्यात उजव्या बाजूला एक बाई फावड्यावर रेलून उभी आहे, लालबुंद, नाक गळतंय, आणि तिच्या पायाशी मेंढीच्या कातड्यात गुंडाळलेला एक माणूस. पेले त्यात नव्हते; ते नंतर कुठून आले, मला ठाऊक नाही. मंडळाने फोटो अख्खा प्रसिद्ध केला होता, हे मी जबाबदारीने नमूद करतो. तो अकरा जणांना आवडला. मग कोणीतरी उजवीकडचा भाग कापला, बोगदा छान मधोमध आला, आणि तो साडेसहा लाख लोकांना आवडला. त्यातल्या एकानेही विचारलं नाही की हे खणलं कोणी.

ही सगळी हकिगत वाचून तुम्हाला आमच्या समितीचा राग आला असेल. येऊ द्या, योग्यच आहे. फक्त एकदा तुमच्या मोबाइलमध्ये बघून घ्या, तुमच्याकडे कुठला फोटो आहे.