तात्यांची गेटड्यूटी

मला ताप आला की शेजारच्या भानुदासतात्यांना आनंद होतो.

"मास्तर, किती भरला?" ते कुंपणापलीकडून विचारतात.

"एकशे एक."

"झकास. म्हंजी तुमचं वाचमन जागं हायेत."

तात्यांनी कोपरगावजवळच्या एका साखर कारखान्याच्या गेटवर सारी नोकरी काढली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण डोक्यातून गेट काही गेलं नाही. माणसाचं शरीर हाही त्यांच्या मते एक कारखानाच. कातडी ही कंपाउंडची भिंत, रक्तातल्या पांढऱ्या पेशी हे वाचमन. लस म्हणजे गेटवर आधीच चिकटवलेला चोराचा फोटो. ताप आला की समजायचं, जंतूंना घाम फोडायला आत बॉयलर पेटवलाय. माझ्या मानेवरचं गळू फुटलं तेव्हा बायको तोंड वाकडं करून पू पुसत होती. तात्या गंभीर झाले. "वैनी, जरा दमानं. ड्यूटीवर कामी आलेली मान्सं हायेत ती."

एवढं कौतुक, पण आजारी माणसाला ते स्वतःच्या फाटकातून आत घेत नाहीत. कारण त्यांची बायको, मालनकाकू. दोन वर्षांपूर्वी काकूंना दुसऱ्याची किडनी बसवली. शरीरानं ती परकी म्हणून हाकलू नये, यासाठी त्यांची प्रतिकारशक्ती गोळ्या देऊन दाबून ठेवावी लागते. साधी सर्दीही त्यांना महागात पडू शकते.

"हिचं वाचमन गोळ्या खाऊन निजल्यात. मग ड्यूटी कोन करनार?" असं म्हणून तात्या फाटकात खुर्ची टाकून बसतात. शेजारी बादली आणि साबण. येणाऱ्याचे हात धुवून घेतात, नाक निरखून बघतात. सख्खा मेहुणा येवल्याहून पेढे घेऊन आला, फाटकात शिंकला आणि पेढ्यांसकट परत गेला.

परवा, ताप उतरून आठवडा झाल्यावर, मला गेटपास मिळाला. काकू ओट्यावर शेंगा सोलत होत्या. मी लांबूनच विचारलं, "काकू, गोळ्या अजून किती दिवस?"

"जल्मभर," तात्याच म्हणाले. "चाळीस वर्सं संसार केला, पन हिच्या वाचमनांनी मला अजून वळखलं न्हाई."

"तुम्हाला?"

काकू हसल्या. "किडनी ह्यांचीच हाय, मास्तर. गावाला सांगितलं, हर्नियाचं आपरेशन. मला कुनी बोल लावू नये म्हनून."

त्या हर्नियावरून आम्ही पारावर त्यांची किती टर उडवली होती. मला स्वतःची लाज वाटली आणि तात्यांबद्दल फार माया दाटून आली.

त्यांनी मात्र घड्याळ बघितलं. "नऊ वाजलं. वाचमनांना निजवायची येळ झाली," म्हणत ते गोळी आणि पाण्याचा तांब्या आणायला आत गेले. काकू शेंगांची सुपली बाजूला सारून हात धुवायला उठल्या. माझे डोळे भरून आले, आणि नकळत नाक ओढलं गेलं.

आतून आवाज आला, "मास्तर, नाक वाजलं. गेटच्या भाईर."