माणूस होडीइतका टिकावा म्हणून

आमच्या शेजारचे बाबल मेस्त्री पावसाळ्यात अंग पुसत नसत. आंघोळ करायची आणि तसंच निथळत ओसरीवर येऊन बसायचं. दसरा झाला की उलट. मग ते आंघोळीच्याच वाटेला जात नसत, आणि आम्ही वाऱ्याची दिशा बघून त्यांच्याशी बोलायला जायचो.

मेस्त्री होड्या बांधायचे. मालवणात त्यांच्या हातची होडी बापानं घ्यावी आणि नातवानं वापरावी. माणसानंही तेवढंच टिकावं, असा त्यांचा हट्ट होता.

"पाण्यात रवलेलां लाकूड कुसना नाय, सुक्यां लाकूडय कुसना नाय," लाकूड का कुजतं ते मला समजावत. "आत-भायर करता तां कुसता. माणूस रोज न्हाता नि रोज पुसता. मगे म्हातारो होतलो नाय तर काय?"

मी तेव्हा मुंबईत कारकुनी करत होतो. घरी आई एकटी. तिचे गुडघे गेले होते, आणि मुंबईला यायचं नाव काढलं की ती तोंड फिरवून बसे. वर्षातून दोनदा बोटीनं घरी यायचो, तर प्रत्येक खेपेला ती अंथरुणाला जरा जास्तच चिकटलेली दिसे. मला धास्ती बसली होती. डॉक्टरांनी "वय झालं" म्हणून हात झटकले होते.

मेस्त्रींना ते पटलं नाही. "वय झाला म्हणान होडी कोण टाकता? ती वर काढतत, वर माडाची झापां घालतत, तेल लावतत."

पुढच्या मे महिन्यात आलो तर मेस्त्री डोक्यापासून पायापर्यंत मोरी माशाचं तेल चोपडून उन्हात बसलेले. होडीच्या बुडाला लावतात तेच. मागे तीन मांजरं.

मला हसू आवरेना. "मेस्त्रीनू, किती वर्सां जगाचो बेत आसा?"

"माका खंय जगाचा आसा?" म्हणाले आणि कामाला लागले.

घरात शिरलो तर तोच वास. आई चक्क विहिरीपाशी उभी होती.

"बाबल आधी स्वतार लावन बघता," ती म्हणाली. "सोसला तर माका आणून देता. मी गुडघ्यांक लावतंय, नि तो सकाळ-सांज माका हात धरून चलवता. म्हणता, किनाऱ्यार पडलेली होडी फुटता."

"पण ते कित्याक करतत ह्यां सगळा?"

"आवस गेली नि पोरको झालो तेव्हा चार वर्सांचो होतो तो. माझ्याच हातची पेज खाऊन वाढलो. काकी म्हणता माका."

अंग न पुसण्याचा प्रयोगही तिच्यासाठीच होता. त्यानं मेस्त्रींना खरूज झाली, म्हणून आई त्यातून सुटली. मी मात्र मुंबईतल्या मित्रांना हे किस्से रंगवून सांगत होतो. माझी मलाच लाज वाटली.

त्यानंतर आई पाच वर्षं जगली, चालती-फिरती. गुण तेलाचा की हात धरण्याचा, देव जाणे. माझी बोट यायच्या दिवशी ती पाणंदीच्या तोंडाशी येऊन उभी राही. ते सुख मला मेस्त्रींनी दिलं.

आईचं दिवसकार्य झाल्यावर मी त्यांच्याकडे गेलो. ते रंधा हातात घेऊन नुसतेच बसले होते. मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाले, "झिला, माझा चुकला. होडयेक पयल्या वर्सापासून तेल लावचा लागता. मी काकीक उशिरा धरलंय."

मी म्हटलं, "मेस्त्रीनू, पाच वर्सां दिलास तुम्ही माका."

त्यांनी मान हलवली. "धा होयी होती."