शिंपी पाहिजे

शिंप्याचा उजवा हात मोडला तो कपाटावरचा कापडाचा गठ्ठा काढताना. स्टूल डुगडुगतं हे त्याला चार वर्षांपासून ठाऊक होतं, पण उद्या ठोकू म्हणत ते तसंच राहिलं होतं. डॉक्टरांनी कोपरापर्यंत प्लास्टर घातलं आणि बजावलं, "सहा आठवडे कात्रीला हात लावायचा नाही. लावलात तर बोटं कायमची वाकडी राहतील."

सहा आठवडे काम नाही म्हणजे सहा आठवडे घरात कमाई नाही. पण शिंपी घाबरला नाही. दुकान त्याचं, कामाला तो एकटा, आणि स्वतंत्र धंदा करणाऱ्यांचा विम्याचा हप्ता त्याने वीस वर्षांत एकदाही चुकवला नव्हता. एकदा तर तापाने फणफणत रांगेत उभा राहून भरला होता. "आता त्यांची पाळी," तो बायकोला म्हणाला. बिचाऱ्याला खरंच तसं वाटत होतं.

विमा कार्यालयातल्या चार नंबरच्या खिडकीत बसलेल्या बाईंनी अर्ज उलटसुलट करून पाहिला.

"कामगाराची सही आहे. मालकाची कुठाय?"

"मालक मीच."

"मग कामगार कोण?"

"तोही मीच."

"रजा कुणी कुणाला दिली?"

"मी मला."

बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "हे बघा, दोन्ही रकान्यांत एकच सही संगणक घेत नाही. मालकाच्या जागी घरातल्या कुणाची तरी घ्या. सगळे तसंच करतात."

सगळे तसंच करतात म्हटल्यावर शिंप्याला धीर आला. त्याने बायकोची सही घेतली आणि अर्ज देऊन टाकला.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. दुकानाची मालकीण म्हणून बायकोची नोंद झाली होती. शिंपी तिचा नोकर, म्हणून त्याने मालक समजून भरलेले वीस वर्षांचे हप्ते भलत्याच खात्यात गेले होते आणि आजारपणाचा भत्ता नामंजूर झाला होता. शिवाय नोकराचा विमा आजवर का भरला नाही, याचा खुलासा मालकिणीने करायचा होता.

"अहो, मी काय केलं?" बायको रडकुंडीला आली. "तुम्ही म्हणालात सही कर, मी केली!"

शिंपी तसाच खिडकीवर गेला. "बाई, घोटाळा झाला. मालक मीच आहे."

"तसं मालकाने लिहून द्यावं लागेल."

"देतो ना लिहून!"

"तुम्ही नाही हो. तुम्ही नोकर. तुमच्या मिसेसनी द्यायचं. आणि दुरुस्तीला सहा महिने लागतात." शिंप्याचा चेहरा बघून बाईंनाच कसंसं झालं. त्या पुढे वाकून हळूच म्हणाल्या, "तोवर असं करा, त्यांना तुम्हाला कामावरून काढायला सांगा. बेकारी भत्ता लगेच सुरू होतो, त्याला हप्त्यांची अट नाही. फक्त काम करायला तयार आहे म्हणायचं. हाताचं बोलू नका."

दुपारी बायकोने नवऱ्याला कामावरून काढल्याचं पत्र लिहायला घेतलं.

"कारण काय लिहू?"

"लिही, दुकानात काम नाही."

समोर खुंट्यांवर अर्धवट शिवलेले नऊ कोट लटकत होते. तिने तसंच लिहिलं. मग प्लास्टर झाकावं म्हणून त्याच्या कोटाची उजवी बाही उसवून मोठी केली.

"काम करायला तयार आहात?" रोजगार कार्यालयातल्या साहेबांनी विचारलं.

"एका पायावर," शिंपी म्हणाला.

भत्ता मंजूर झाला. आणि त्या कार्यालयाला कधी नव्हे ती घाई सुटली. दहाच दिवसांत त्यांनी शिंप्यासाठी नोकरी शोधून काढली. एका दुकानाने नुकताच आपला शिंपी काढला होता, म्हणजे तिथे जागा रिकामी असणारच. शिंप्याने कागद उघडून वाचला. पत्ता त्याच्याच दुकानाचा होता.

गेला नाही तर भत्ता बंद. नोकरी मिळाली तर बंदच. मालकाने नाकारलं, तरच चालू राहणार. पण त्याचं कारण फॉर्मवर लेखी हवं.

दुसऱ्या दिवशी तो उमेदवार म्हणून स्वतःच्या दुकानात उभा राहिला. मालकीण फॉर्म पुढ्यात घेऊन बसली होती.

"हात मोडलाय, असं लिहू?"

"मग कामाला लायक नाही म्हणून भत्ता बंद करतील."

"जागा रिकामी नाही?"

"मग मला काढलंस कशाला, विचारतील. तपासायला माणूस पाठवतील, तो हे कोट बघेल."

"स्वभाव वाईट आहे?"

"त्याला दोन साक्षीदार लागतात."

"साक्षीदार मिळतील हो," बायको सवयीने बोलून गेली. "आता एकच कारण उरतं," ती म्हणाली, आणि त्याच्याकडे न बघता तिने लिहिलं: उमेदवाराला शिवणकाम येत नाही.

शिंप्याने ते दोनदा वाचलं. त्याला फार वाईट वाटलं. हात मोडला तेव्हाही इतकं वाटलं नव्हतं.

"थोडंफार येतं, असं लिही की गं."

"थोडंफार लिहिलं तर शिकायला पाठवतील."

खाली 'वरील कारण मान्य' असं छापलेलं होतं. शिंप्याने डाव्या हाताने वेडीवाकडी सही केली. शाई अजून ओलीच होती, तेवढ्यात हातात कापडाची पिशवी घेतलेलं एक नवीन गिऱ्हाईक दारात आलं.

"इथे शिंपी आहे ना?"

बायकोने घाईघाईने फॉर्मवर हात ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"नाही," शिंपी म्हणाला. "होता. चांगला होता."