हवालदाराची कोरडी सुई

शंकर हवालदाराला नमस्कार करायची सोय नव्हती. आपण हात जोडायचे आणि त्याने आपला खांदा धरायचा. नुसता धरून थांबला असता तरी चाललं असतं. पण त्याचा अंगठा लगेच कामाला लागायचा. मानेच्या बुडापासून खांद्याच्या फऱ्यापर्यंत चाचपत, दाबत, थांबत, पुन्हा मागं येत. मग एका जागी तो असा रुतायचा की डोळ्यांपुढं काजवे. आपण कळवळलो की हवालदाराचा चेहरा खुलायचा. "मिली!" तो ओरडायचा. गाठ मिळाली, असा त्याचा अर्थ.

माझी गाठ त्याला मिळाली ती रहिमतपूरच्या स्टँडवर. सांगलीहून बदली होऊन मी एस.टी.चा कंट्रोलर म्हणून तिथं नुकताच रुजू झालो होतो. बहात्तरचा दुष्काळ सरून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. तोंडात शिट्टी, समोर कोरेगावची गाडी, आणि मागून कुणीतरी खांदा धरला. पुढं जी शिट्टी वाजली ती मी वाजवलेली नव्हती. गाडी मात्र सुटली, आणि कंडक्टर हातात चहाची बशी घेऊन खालीच राहिला.

"लय घट्ट धरलाय खांदा, साहेब," मागचा माणूस म्हणाला. "कुनावर राग हाय?"

त्या घटकेला तरी त्याच्यावरच होता.

हवालदार फौजेत दवाखान्याच्या तुकडीत होता. बांगलादेशची लढाई झाली आणि तो पेन्शनीत आला. लग्नाचं राहूनच गेलं होतं. येताना त्यानं एक ट्रंक, एक रॉकेलचा स्टोव्ह आणि एक विद्या आणली. तिकडं एक मेजरसाहेब होता. जवानांच्या आखडलेल्या पाठीत गाठ शोधायची आणि तिथं बधिर करणारं औषध टोचायचं, ही त्याची पद्धत. एकदा डोंगरावर औषध संपलं, खालून रसद येईना, आणि जवान तर ओणवे होऊन रांगेत उभे. साहेबानं वैतागून नुसतीच सुई खुपसली. गाठ सुटली, जवान सरळ झाला. "तवापास्नं साहेब म्हनायचा, शंकर, दवाई झूट हाय. काम सुई करतीया." हे सांगताना हवालदार कुठंही असला तरी सावधानमध्ये उभा राहायचा.

सुई तो पातेल्यात उकळायचा, कातडीवर स्पिरिटचा बोळा फिरवायचा, "हिलना मत" असा हुकूम सोडायचा आणि गाठीत सुई घालून थोडी आत-बाहेर करायचा. नेमकी लागली की आतलं मांस एकदम टुणकन उडायचं. गळाला मासा लागावा तसं. त्यावर तो "उडाली!" म्हणून ओरडायचा, आणि रोगी जे ओरडायचा ते लिहिण्याजोगं नाही. दुसऱ्या दिवशी हात वर जायचा, मान वळायची. नेहमीच नाही, कधीकधी नुसतं दुखायचं. मग हवालदार कबूल करायचा, "न्हाई घावली. माझी चूक."

अडचण एकच होती. आमच्या भागात सुईवर लोकांचा फार विश्वास, पण तिच्यात काहीतरी असलं पाहिजे. लाल असेल तर उत्तम. कोरडी सुई म्हणजे माणसाला आमटीशिवाय जेवू घातल्यासारखं वाटायचं. कुणी म्हणायचं, सरकारनं ह्याचं औषध बंद केलंय. कुणी म्हणायचं, मुळातच हात आखडता. एकदा ऊसतोडीनं कंबर धरलेला एक शेतकरी आला आणि त्यानं धोतराच्या सोग्यातून एक बाटली काढली.

"आवं हवालदार, तुमच्याकडं न्हाई तर न्हाई. लाजू नगा. ह्यातलं घाला."

"काय हाय ह्यात?"

"बैलाचं हाय. पर लय गुन आला बैलाला."

हवालदारानं बाटली खिडकीत ठेवली, कोरडी सुई घातली, आणि त्या माणसाची कंबर सुटली. जाताना तो गावभर सांगत गेला, की हवालदारानं बैलाचं औषध दिलं आणि काय गुण आला म्हणता! पुढं आठवडाभर लोक बैलाच्या औषधासाठी येत राहिले. हवालदार प्रत्येकाशी भांडला.

त्याचं दुसरं पालुपद म्हणजे, "दुखतंय तिथं काय नसतंय." कपाळ धरून येणाऱ्याच्या तो मानेत टोचायचा, ढोपर धरून येणाऱ्याच्या मांडीत. आमची सातारा गाडी एकदा चांगली उशिरा सुटली, कारण मनगट दुखतं म्हणणारा ड्रायव्हर पार्सलच्या बाकावर पालथा पडला होता आणि हवालदार त्याच्या खांद्यात सुई घालत होता. प्रवासी खिडकीतून सल्ले देत होते. मेमो मला मिळाला.

बसणं हवालदाराला ठाऊक नव्हतं. पहाटे स्टँडवर यायचा तो उतारूंच्या माना बघत फिरायचा. कोण एका अंगावर झुकलाय, कोण पिशवी डाव्या हातातून उजव्या हातात घेतोय. चहासुद्धा चालता चालता प्यायचा. मी एकदा चिडून म्हणालो, "हवालदार, घटकाभर टेका की!" तर टेकला, आणि शेजारी बसलेल्या म्हातारीची पोटरी चाचपायला वाकला. तिनं काठी उगारली म्हणून निभावलं.

हे सगळं मी लांबून बघितलं असतं तर मलाही मजा वाटली असती. पण मी राहत होतो त्याच्या शेजारी. शेजारी म्हणजे कसा, ते सांगायला हवं. गावाबाहेरच्या रस्त्याला तीन खोल्यांची एक ओळ होती, हवालदार आणि त्याचा भाऊ, दोघांच्या मालकीची. एका टोकाला थोरला भाऊ तात्या, दुसऱ्या टोकाला हवालदार. मधली खोली तात्यानं भाड्यानं द्यायला काढली, ती भाड्याच्या लोभानं नाही. दोघांच्या मधे कुणीतरी राहावं म्हणून. त्या मधल्या खोलीत मी आणि माझी बायको कुसुम.

भावाभावांत अबोला होता. हवालदार आसामात असताना इकडं त्यांची आई गेली. तार पोचायला वेळ लागला, रजा मिळायला त्याहून जास्त. तो घरी आला तेव्हा राखसुद्धा नदीला गेली होती. हवालदार म्हणाला, तुला थांबता आलं न्हाई. तात्या म्हणाला, तुला येता आलं न्हाई. त्यानंतर दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. पुढं तात्याची बायको गेली, मुलगी म्हसवडला दिली. मग आमच्या दोन्ही बाजूंना एकेक एकटा माणूस राहायला लागला, आणि त्यांचा सगळा व्यवहार आमच्या खोलीतून चालायला लागला.

"कंट्रोलर, त्यास्नी सांगा, पत्रा उडालाय."

"साहेब, ह्यास्नी म्हनावं, बगितलाय मी."

सख्खे भाऊ, पण 'त्यास्नी' आणि 'ह्यास्नी'. अबोल्यात माणसं एकमेकांना फार मान देतात. आणि दोघांचा आवाज असा खणखणीत की निरोप मी सांगायच्या आत पोचलेला असायचा. तरी मला सांगावा लागायचा. नाही सांगितला तर दोघंही रुसायचे, माझ्यावर.

अशात तात्याची मान धरली. डावीकडं म्हणून वळेना. हनुवटी उजव्या खांद्याकडं करून तो चालायचा, आणि समोरून येणाऱ्याला वाटायचं, हा आपल्यावर रागावला आहे. शेकून झालं, लाल सुई झाली, म्हसवडच्या सिद्धनाथाला नवस झाला. रात्री कूस बदलताना तो कण्हायचा ते आम्हाला ऐकू यायचं. आणि तो कण्हला की दुसऱ्या भिंतीपलीकडं हवालदाराच्या येरझाऱ्या सुरू व्हायच्या.

त्या दिवसांत हवालदारानं आम्हाला जगू दिलं नाही. मी दात घासत असताना हा दारात. "बगितलं का साहेब, मान कशी धरलीया? फऱ्याच्या वरच्या कोपऱ्यात हाय गाठ. मला हितनं दिसतीया." दुपारी स्टँडवर तेच. जेवायला बसलो की तेच. स्वतःच्या अंगठ्यानं स्वतःच्याच मांडीवर दाबून दाखवायचा. सगळ्या गावाच्या पाठी त्याला मोकळ्या होत्या आणि जी एक हवी होती तिला हात लावता येत नव्हता. मी म्हणालो, जाऊन सांगा की सरळ. त्यावर तो उठला आणि दुसऱ्या कुणाची तरी मान बघायला निघून गेला.

मग एका बाजारच्या दिवशी तात्या बैलगाडी घेऊन स्टँडवरून निघाला. डावीकडून कराडची गाडी आत वळत होती. तात्याला ती दिसलीच नाही. मान वळत नाही तर दिसणार कशी? मी शिट्टी फुंकत धावलो. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला, बैल उधळता उधळता राहिले, कोंबड्यांची एक पाटी तेवढी आडवी झाली. आणि स्टँडच्या पलीकडच्या कडेला हवालदार उभा होता, पांढराफटक, तोंड उघडं. हाक मारायला उघडलं होतं. हाक आली नव्हती.

मला राग आवरला नाही. संध्याकाळी मी तात्याला म्हणालो, "बास झालं. उद्या सकाळी माझ्या खोलीत यायचं आणि सुई टोचून घ्यायची. नाहीतर मी खोली सोडतो, बसा मग भिंतींनाच निरोप सांगत."

तात्यानं मानेवरून हात फिरवला. मग म्हणाला, "त्यास्नी म्हनावं, टोचायची तर टोचा. मी बोलनार न्हाई."

पलीकडून आवाज आला, "म्हनावं, मला तरी कुटं बोलायचंय?"

सकाळी कुसुमच्या पाटावर तात्या उघड्या पाठीनं बसला. मागं हवालदार, स्टोव्हवर सुई उकळत. पण ह्या विद्येत विचारल्याशिवाय भागत नाही, हे आम्ही कुणीच लक्षात घेतलं नव्हतं.

हवालदारानं भावाच्या पाठीवर अंगठा टेकवला. माझ्याकडं बघून म्हणाला, "ह्यास्नी विचारा, हितं दुखतंय का?"

मी विचारलं, "तात्या, हितं दुखतंय का?"

"त्यास्नी सांगा, जरा वर."

"जरा वर."

"आता?"

"आता?"

"व्हय म्हनावं. मेलो म्हनावं!"

वीतभर अंतर, आणि मधे मी घाम पुसत उभा. कुसुम पदर तोंडात कोंबून बाहेर गेली. हवालदार 'मिली' म्हणाला नाही. 'हिलना मत'ही म्हणाला नाही. त्याचा हात नेहमीपेक्षा फार हळू चालला होता, जणू सुई त्याच्याच अंगात जायची होती. ती आत गेली, थोडी फिरली, आणि तात्याच्या खांद्याचं मांस टुणकन उडालं.

"आई गं!" तात्या ओरडला.

शिव्या न देणारे सगळे तसंच ओरडतात. मी स्टँडवर रोज ऐकत होतो. पण त्या खोलीत तो शब्द पडला आणि दोघंही थिजले. स्टोव्हचा आवाज तेवढा चालू राहिला. मला तिथून निघून जावंसं वाटलं, पण दाराकडं जायची वाट त्या दोघांतूनच होती.

हवालदारानं सुई काढली, बोळा दाबून धरला. तात्यानं मान जराशी हलवून बघितली. थोडी वळली. आणखी थोडी. मग कुरकुरत, डोळे मिटत, ती पार डावीकडं वळली आणि त्याने डोळे उघडले. समोर, अगदी जवळ, भावाचं तोंड होतं. इतक्या वर्षांत दोघांनी एकमेकांना नीट बघितलंच नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

तात्या बघत राहिला. मग म्हणाला, "किती म्हातारा झालास रं, शंकऱ्या."

बोळा हवालदारानं अजून दाबूनच धरला होता. शेवटी तो माझ्याकडं वळला आणि म्हणाला, "साहेब, ह्यास्नी म्हनावं... म्हनावं, आज माझ्याकडंच जेवा."

मी सवयीनं तोंड उघडलं.

"आयकलं मी," तात्या म्हणाला. "काय केलंयस?"